बुऱ्हाणपूरचा फोटोवॉक: गाईडला काय सांगायचं आणि वाट कशी आखायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: जळगाव-भुसावळकडचे नऊ-दहा हौशी लोक, निम्म्यांकडे कॅमेरे, निम्म्यांकडे मोबाईल. स्थानिक गाईड घेऊन बुऱ्हाणपूरच्या जुन्या शहरात एक दिवस चालत फोटो काढायचे आहेत. कधी जावं, सुरुवात कुठून करावी, गाईड लागतोच का, कुठली लेन्स न्यावी?

शहर अगदी योग्य निवडलंय. आज नकाशात मध्य प्रदेशात दिसत असलं तरी खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही राजधानी होती. तापीच्या उत्तर काठावरची जुनी वस्ती अजून नांदती आहे. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीने तासाभराचा रस्ता. फक्त स्टेशन लालबागला आहे, जुन्या गावापासून तीन-चार किलोमीटरवर, तेव्हा रिक्षाचा वेळ धरून चाला.

बाकी सगळ्याच्या आधी एक गोष्ट ठरवून टाका: वाटेचा क्रम इतिहासाप्रमाणे लावायचा नाही, उन्हाप्रमाणे लावायचा. चांगला गाईड सवयीने शाही किल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण गोष्ट तिथून छान रंगते. फारुकी, मग अकबर, मग शाहजहान, मुमताज. ऐकायला उत्तम, पण या क्रमाने गेलात तर जामा मशिदीत पोहोचेपर्यंत दुपार कलते आणि मशिदीचा दर्शनी भाग सावलीत जातो. मागून येणारं ऊन थेट लेन्समध्ये शिरतं आणि सगळ्यांच्या फोटोत काळ्या दगडाची एक भिंत नि वर पांढरंफटक आकाश, एवढंच उरतं.

कारण साधं आहे. आपल्याकडे मशिदीत नमाज पश्चिमेकडे तोंड करून होते, म्हणून नमाजाचा दालनभाग पश्चिमेला आणि त्याच्या कमानी पूर्वेकडे, अंगणाकडे उघडणाऱ्या. म्हणजे या कमानींवर ऊन फक्त सकाळी. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, त्यामुळे अंगणात उभं राहून कमानींकडे पाहिलं की ऊन डाव्या हाताने तिरकं येतं आणि दगडातलं कोरीवकाम उठून दिसतं. आजूबाजूच्या घरांमुळे अंगणात ऊन उतरायला थोडा उशीर होतो, साधारण आठ वाजतात. तिथून साडेदहापर्यंतचा वेळ सोन्यासारखा. आणखी एक छोटी खिडकी आहे जी बहुतेकांना माहीत नसते: बुऱ्हाणपूर आपल्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला असल्याने सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजता नाही, साडेबाराच्या आसपास. त्याच्या आधीच्या वीसेक मिनिटांत ऊन दर्शनी भिंतीला घासून जातं. पूर्ण इमारतीला हा प्रकाश कुरूप दिसतो, पण एखाद्या वेलबुट्टीच्या जवळच्या फोटोला याच्यासारखा प्रकाश नाही.

महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या आसपास आणि सूर्यास्त सहाच्या थोडा आधी, म्हणजे दोन्ही टोकं पेलवतात, आणि दुपारीही सूर्य फार डोक्यावर चढत नाही. एप्रिल-मेचं खानदेशी ऊन आपल्याला सांगायला नको. माणूस एकवेळ टिकेल, मोबाईल अकरा वाजता तापल्याची सूचना देऊन कॅमेरा बंद करतो. शुक्रवार टाळा, जुम्याच्या नमाजामुळे मशीद आणि आसपासचा बाजार दुपारी आपल्यासाठी नसतो. जळगावहून गाडीने निघणार असाल तर सावदा-रावेरमार्गे अडीच तास धरा. आठला अंगणात उभं राहायचं तर पाचला निघावं लागेल. त्यापेक्षा आदल्या रात्री मुक्काम करा, सकाळी सगळे जागे तरी असतील.

आता गाईड. लागतो, पण गोष्टी सांगण्यापेक्षा दारं उघडण्यासाठी. जुन्या मोहल्ल्यातल्या घराच्या ओट्यावर चढायचं, लूमच्या (कापड विणायच्या मागाच्या) शेडमध्ये शिरायचं, बंद मकबऱ्याची किल्ली कोणाकडे आहे ते शोधायचं, ही कामं ओळखीच्या माणसाशिवाय होत नाहीत. ठरवताना त्याला चार गोष्टी स्पष्ट विचारा. आठ वाजता मशिदीत कॅमेरे चालतील का, आणि ते कोणाला विचारून ठेवलंय? शाह शुजाच्या (शाहजहानच्या मुलाच्या) बेगमेचा मकबरा आतून उघडून मिळेल का? एका चालू लूमच्या शेडमध्ये अर्धा तास थांबता येईल का? कुंडी भंडाऱ्याची, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या पाणीव्यवस्थेत उतरायची, लिफ्ट सध्या चालू आहे का? ‘हो हो, सब हो जाएगा’ असं उत्तर आलं तर दुसरा गाईड पाहा. नाव, वेळ आणि ‘हे नाही होणार’ असं सांगणारा गाईड खरा.

त्याच्याशी बोली करा की गोष्ट चालताना किंवा सावलीत बसल्यावर सांगायची, चांगल्या उन्हात नाही. हा नियम न घातल्याने जितके फोटोवॉक वाया जातात तितके वाईट कॅमेऱ्यामुळे जात नाहीत. गाईड रंगात येतो, दहा जण त्याच्याभोवती कोंडाळं करून उभे, आणि ऊन भिंतीवरून सरकून जातं. प्रत्येक ठिकाणी आधी पंचवीस मिनिटं फोटो, मग दहा मिनिटं गोष्ट. गोष्ट ऐकल्यावर पुन्हा पाच मिनिटं द्या. ऐकलेलं शोधायला लोक आपोआप परत फिरतात आणि बऱ्याचदा दिवसातला चांगला फोटो तेव्हाच निघतो.

दहाच्या वर माणसं नेऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत, दुचाक्यांची वर्दळ असते आणि बारा लेन्स एकदम वळल्या की समोरचा चहावाला अवघडून बसतो. पुढे गाईड, सर्वांत मागे तुमच्यातला एक भरवशाचा माणूस, आणि गल्लीत शिरल्यावर दोघा-दोघांनी चालायचं.

आता वाट. सकाळी सव्वासातला शनवारा दरवाज्यापाशी जमा. दरवाजा मोठा आहे पण त्याच्या पायथ्याशी सदैव वाहनं आणि फलक असतात. संपूर्ण दरवाजा घेण्याचा हट्ट सोडा. कमानीच्या सावलीत उभं राहून आतून बाहेर पाहा, बाहेरच्या उजेडात दुधाच्या कॅनवाला किंवा शाळेची मुलं येऊ द्या आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ यावा ते माप) बाहेरच्या उजेडावर लॉक करा. कमान काळी पडेल, पडू द्या. तिथून गांधी चौकाकडे चालत या, आठला मशिदीत.

जामा मशीद आदिलशाह फारुकीच्या काळातली, सोळाव्या शतकाच्या शेवटाची. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली एक्स्पोजरची. दगड काळसर असल्याने कॅमेरा समजतो की उजेड कमी आहे, आणि फोटो उजळ करून टाकतो. दगड राखाडी आणि आकाश पांढरं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची पट्टी) उणे ०.७ पासून सुरू करा, पूर्ण भिंत फ्रेममध्ये असेल तर उणे १. मोबाईलवर भिंतीवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. दुसरी चूक मिनारांची. पायथ्याशी उभं राहून कॅमेरा वर केला की दोन्ही मिनार आत झुकतात, मोबाईलच्या ०.५ या रुंद लेन्सवर तर कोसळल्यासारखे दिसतात. अंगणाच्या पूर्व टोकाला जा, मोबाईल १ किंवा २ वर ठेवा, कॅमेरा अगदी सरळ धरा, खाली जास्तीची फरशी येऊ द्या आणि नंतर कापा. घरी सॉफ्टवेअरमध्ये मिनार सरळ करता येतात, पण तेव्हा कडा कापल्या जातात. म्हणून काढतानाच चारी बाजूंनी मोकळी जागा ठेवलेली बरी.

आतल्या दालनात भिंतीवर एक लेख आहे, अरबीबरोबर संस्कृतातही कोरलेला. मशिदीत देवनागरी अक्षरं, हे पाहायलाच लोक येतात आणि नेमका तोच फोटो सपाट येतो. कोरीव अक्षर समोरच्या उजेडात दिसत नाही, बाजूच्या उजेडात दिसतं. परवानगी घेऊन एकाने मोबाईलचा टॉर्च लेखाच्या डाव्या बाजूला, भिंतीपासून वीतभर अंतरावर, जवळजवळ भिंतीला समांतर धरायचा. दुसऱ्याने समोरून, भिंतीशी काटकोनात, फोटो घ्यायचा. मग टॉर्च उजवीकडे नेऊन तसाच दुसरा. एका बाजूने न दिसलेली अक्षरं दुसऱ्या बाजूने उघडी पडतात. टॉर्च दगडाला टेकवू नका, आणि लेखावर पाणी, खडू, पावडर असलं काहीही लावू नका. जवळचा असीरगड किल्ला जिंकल्यानंतर अकबराने कोरवलेला लेखही याच मशिदीत आहे. असीरगड पडला तो जानेवारी १६०१ मध्ये. गाईड दोन्ही दाखवेल.

पायात सहज निघणारी पादत्राणं घाला आणि मोजे बरोबर ठेवा. डिसेंबरच्या सकाळी ती फरशी बर्फासारखी असते. नमाजाला बसलेल्या माणसाचा फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि समोरून तर विचारूनही नाही.

साडेनऊ-पावणेदहाला मशीद सोडा. किल्ल्याकडे जाताना वाटेतल्या गल्ल्यांत वेळ जाणारच, जाऊ द्या. जुन्या लाकडी खांबांची घरं, नक्षीच्या तुळया, ओटे. इथे ऊन गल्लीच्या एकाच बाजूला असतं. उन्हातल्या बाजूचा फोटो सावलीत उभं राहून काढा, माणसांचे फोटो मात्र सावलीच्या बाजूला काढा, समोरच्या उजळ भिंतीचा परतून येणारा प्रकाश चेहऱ्यावर मऊ पडतो. विचारायची पद्धत साधी ठेवा: कॅमेरा खाली, नमस्कार किंवा सलाम, ‘चाचा, एक फोटो निकालू?’ मराठी घर असेल तर ‘काका, काढू का फोटो?’ मान हलली नाही तर पुढे चला. लांबून झूम लावून बायकांचे फोटो काढणं हा इथल्या मोहल्ल्यांत भांडणाचा हमखास मार्ग आहे, आणि भांडण झालंच तर दोष त्या मोहल्ल्याचा नाही. मुलांना पैसे देऊ नका. पुढच्या ग्रुपला ती मुलं कॅमेरा दिसताच हात पुढे करतात.

शाही किल्ला तापीच्या काठावर. बराच भाग पडलेला, त्यामुळे पाहुणे निराश होतात. इथलं खरं काम आहे हमामखान्यात, म्हणजे शाही स्नानगृहात, रंगवलेल्या छतापाशी. ऊन वर आलेलं असताना आत परतून येणारा प्रकाश वाढतो, म्हणून अकराच्या सुमाराला जाणं बरं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वास्तूंत हातात धरून कॅमेरा चालतो, ट्रायपॉड आणि दिवे लावायला वेगळी परवानगी लागते. फ्लॅश तर मुळीच नको. जुन्या रंगासाठी आणि फोटोसाठीही, कारण समोरून फ्लॅश पडला की छताचा घुमटाकारच नाहीसा होतो.

ट्रायपॉडशिवाय छत कसं घ्यायचं? कॅमेरा पाठीवर, लेन्स वर करून जमिनीवर ठेवा. खाली दुमडलेला रुमाल. छताच्या मधोमध खाली तो येईल असं बघा: उभं राहून डोक्यावरचं केंद्र शोधा आणि दोन पावलांच्या मध्ये कॅमेरा ठेवा. लेन्सचं छिद्र एफ/५.६, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००, दोन सेकंदांचा टायमर, शटर अर्धा सेकंद उघडा राहिला तरी हरकत नाही, कारण कॅमेरा हलत नाही. फोकस आधी छताच्या नक्षीच्या कडेवर घेऊन मॅन्युअलवर टाका, नाहीतर अंधारात लेन्स पुढे-मागे करत राहते. मोबाईलवालेही हेच करू शकतात: टायमर १० सेकंद, स्क्रीन खाली, मागचा कॅमेरा वर. टायमर सुरू करून सगळ्यांनी बाजूला व्हायचं, नाहीतर चौकटीत चार डोकी डोकावतात. हातात धरूनच घ्यायचं असेल तर आयएसओ १६०० ते ३२०० आणि पाठ भिंतीला टेकवून, श्वास सोडताना बटण.

मुमताज महल १७ जून १६३१ रोजी याच शहरात, चौदाव्या बाळंतपणात वारली. तिचं पहिलं दफन नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या शाही बागेत, झालं. ही गोष्ट गाईड इथे सांगेल. किल्ल्याच्या कठड्यावरून पलीकडचा काठ दिसतो, सांगायची जागा तीच.

साडेबारा ते तीन. बहुतेकजण या वेळेत जेवून झोपतात, तसं करू नका, छताखालच्या जागा याच वेळी करायच्या. पहिली लूमची शेड. बुऱ्हाणपूर पॉवरलूमचं गाव आहे, अनेक मोहल्ल्यांत चालताना खटखट ऐकू येते. आत शिरण्यापूर्वी लेन्स ठरवून टाका, कारण आत लेन्स बदलायची नाही. हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात, एक जरी सेन्सरवर बसला तर दिवसभराच्या प्रत्येक आकाशात तो केसासारखा दिसेल. धोटा (आडवं सूत नेणारा तुकडा) गोठलेला हवा असेल तर १/१००० सेकंदाचा शटर लागतो आणि मग आयएसओ फार चढतो. त्यापेक्षा १/१५ ला धोटा पुसट होऊ द्या आणि कामगाराचा हात किंवा सुताचा ताणा स्थिर राहू द्या. ट्यूबलाईट किंवा एलईडीच्या उजेडात फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, त्याच्या पटीतला शटर ठेवला की पट्टे जातात. ओढण्या, कॅमेऱ्याचे लोंबते पट्टे, सैल बाह्या आवरून घ्या. चालू लूमला हे सगळं ओढून घ्यायला क्षण लागत नाही.

मग कुंडी भंडारा, लालबागकडे. मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणण्यासाठी केलेली ही व्यवस्था. ठरावीक अंतरावर वर उघडणाऱ्या कुंड्या, साधारण शंभरेक. लिफ्ट चालू असेल आणि उतरू देत असतील तर फार सामान नेऊ नका: एक कॅमेरा, रुंद लेन्स, गळ्यात पट्टा, प्लास्टिकची पिशवी, पायात ओली झाली तरी चालेल अशी चप्पल. खाली हवा दमट. थंड कॅमेरा नेला की काच धुरकटते, पुसली की पुन्हा धुरकटते. पुसू नका, दहा मिनिटं थांबा, आपोआप निवळते. डिसेंबरमध्ये दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवरच असतो, त्यामुळे थेट ऊन कुंडीच्या तळापर्यंत येत नाही, वरच्या कडेवरच अडतं. उभा झोत हवा असेल तर शून्य सावलीच्या दिवसांत, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असताना, यावं लागेल, म्हणजे मेचा शेवटचा आठवडा. त्या उन्हात ज्याला यायचंय त्याने यावं, खाली तरी गारवा मिळेल. लिफ्ट बंद असेल तर वरून कुंडीच्या कठड्याचे फोटो घ्या, वाकू मात्र नका, आणि मोबाईलची दोरी मनगटात अडकवा.

साडेतीनला बेगम शाह शुजाचा मकबरा. लहानशी वास्तू, खरबुजाच्या फाकांसारखा फुगीर आकार, म्हणून लोक खरबुजी गुंबद म्हणतात. बाहेरून कलत्या उन्हात फाकांच्या खाचांत सावली भरते, हाच त्याचा फोटो. आत रंगीत नक्षी दाट आहे आणि जागा इतकी कमी की एका वेळी तिघांनीच जावं. इथे पांढरट पार्श्वभूमी आणि गडद रंग एकत्र येतात, तेव्हा एकच फोटो पुरत नाही: उणे १, शून्य, अधिक १ असे तीन घ्या.

शेवटी नदी. साडेचारपर्यंत रिक्षा करून पलीकडे जैनाबादच्या बाजूला. सकाळी इथून किल्ल्याच्या नदीकडच्या भिंतींवर समोरून ऊन असतं, संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे जातो आणि तटबंदीची फक्त बाह्यरेषा उरते. नदीला पाणी कमी असेल तर राजघाटाच्या बाजूला पात्रातला दगडी हत्ती उघडा दिसतो, तो पुढे आणि किल्ला मागे ठेवून उभं राहायची जागा गाईडला आधीच विचारून ठेवा. सूर्य टेकण्याच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची वीस. सूर्य बुडाल्यावर लोक कॅमेरे बॅगेत घालतात, आणि नेमकी तेव्हा नदी निळी होते नि पलीकडचे दिवे पाण्यात उतरतात. आयएसओ ८००, १/३०, कोपर गुडघ्यावर टेकवून. पात्रातल्या गाळात उतरू नका, वरून कोरडा दिसणारा थर पाय घोट्यापर्यंत गिळतो.

लेन्सचं विचारलंत म्हणून: १८-५५ किंवा २४-७०, एकच. टेलिफोटो घरी ठेवा, या गल्ल्यांत तिला मागे सरकायला जागा नाही. दोन बॅटऱ्या, ६४ जीबीचं कार्ड, मोबाईलवाल्यांना पॉवरबँक. ड्रोन आणू नका, परवानगीशिवाय या वास्तूंवर उडवता येत नाही आणि गाईडच अडचणीत येतो.

काळा ताज, राजा जयसिंगाची छत्री आणि असीरगड या दिवसात कोंबू नका. काळा ताज म्हणजे खानखानाचा मुलगा शाहनवाजखान याची कबर. तो आणि छत्री मिळून दुसरी सकाळ होते, असीरगडाला अख्खा दिवस लागतो. दर्गाह-ए-हकीमीत (दाऊदी बोहरांच्या दर्ग्यात) जायचं असेल तर तिथले नियम आधी विचारा आणि डोकं झाकायला टोपी-रुमाल ठेवा.

जेवणानंतर मावा जलेबी होईलच. तिचा फोटो काढायचाच असेल तर कढईसमोर न उभं राहता बाजूने, वाफेच्या मागे उजेड येईल असा, आणि पटकन. गार झाली की ती कॅमेऱ्यात नुसतं काळं वेटोळं दिसते.

परत आल्यावर ज्यांचे फोटो काढलेत त्यांच्यासाठी सहा बाय चारच्या प्रिंट काढून गाईडकडे पाठवा. कागदावर मागे मोहल्ल्याचं नाव आणि ‘लूमवाले चाचा’, ‘शनवाऱ्याचा चहावाला’ अशी खूण लिहा, म्हणजे त्याला शोधत फिरावं लागणार नाही. पुढच्या वेळी त्याच शेडमध्ये अर्ध्या तासाऐवजी दोन तास बसायला मिळतात.